वजनगट

"ओकलात ते झ्याक झालं," वस्ताद म्हणाले. "आता पोटात जागा झाली. परतल्यावर दूध जरा जास्त घ्या."

मी वाघबीळच्या चढावर रस्त्याकडेच्या दगडावर बसलो होतो. जानेवारीतली सकाळ, पावणेसात वाजलेले. सायकल मांडीवर आडवी पडली होती. मी तिला धरलं नव्हतं, तिनंच मला धरून ठेवलं होतं. कोल्हापूरच्या शिवाजी पुलापासून इथवर रस्ता बराचसा सपाट आहे, मग पन्हाळ्याचा घाट सुरू होतो. त्या घाटात मी अंदाजे तीनशे मीटर गेलो होतो. पहिल्या दिवसाच्या मानानं हे वाईट नाही असं कुणीतरी म्हणेल, म्हणून जरा वाट पाहिली. कुणी म्हणालं नाही.

"सर, चढाला वर बघायचं न्हाई," वस्ताद म्हणाले. "वर बघितलं की चढ वाढतोय. फुडच्याचं मागलं चाक बघायचं आन् हलकं गेर टाकून पाय फिरवत ऱ्हायचं. तुमी डोंगर मोजत बसला."

वस्ताद म्हणजे बापूसाहेब नेजदार. वय बासष्ट, कान चुरगळून मिटलेले, मान खांद्यातच सुरू होणारी. तरुणपणी मातीतल्या कुस्त्या केल्या, पुढं पोरं घडवली, आणि गुडघे गेल्यावर डॉक्टरांनी सायकल सांगितली, तर त्यांनी सायकलीचीसुद्धा तालीम करून टाकली. रोज पहाटे साडेपाचला पुलावर पाच-सहा माणसं जमायची. वस्ताद पुढं, बाकीचे मागं. बोलायचं नाही, थांबायचं नाही, आणि परत आल्यावर गंगावेशीत म्हशीखालचं दूध प्यायल्याशिवाय घरी जायचं नाही.

मी त्यांच्यात कसा गेलो ते सांगायला हवं. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. वजन एक्क्याण्णव किलो. व्यायामाबद्दल माझी मतं होती, व्यायाम नव्हता. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ सुहास पिवळा पडला. त्याचं लिव्हर निकामी होत चाललं होतं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की नातेवाइकानं आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच तो वाचेल. सुहासनं आयुष्यात सुपारी खाल्ली नव्हती. दर शनिवारी बसायचो मी. पण शरीराच्या कारभारात शिक्षा कुणाला करायची याचा निवाडा बहुधा चिठ्ठ्या टाकून होत असावा.

त्याची बायको वैजयंती तयार होती, पण तिचा रक्तगट जुळेना. मुलगी पिंकी आठ वर्षांची. राहिलो मी. माझा गट जुळला. मग माझ्या लिव्हरची तपासणी झाली आणि त्यात अठ्ठावीस टक्के चरबी निघाली.

"दहाच्या खाली आणा," डॉक्टर म्हणाले. "दारू बंद, वजन कमी. दहा आठवडे देतो. सुहासजवळ फार तर तीन महिने आहेत. सायकल चालवा, गुडघ्यांना बरी."

मग त्यांनी मला ऑपरेशनबद्दल समजावलं. देणाऱ्याच्या जिवालाही थोडा धोका असतो. दोनशेत एक, असं ते म्हणाले. तो आकडा मी तिथंच विसरायचं ठरवलं, पण माझ्या अकरावीच्या वर्गाचा पट बरोबर दोनशेचा होता.

मला बायको नाही, मुलं नाहीत. मेसमध्ये जेवायचो. म्हणजे नाही म्हणायचं असतं तर पुढं करायला माझ्याकडं कुणीही नव्हतं. मी हो म्हणालो. वैजयंती माझ्या पाया पडली, आणि मी दुसऱ्या दिवशी पातळ टायरची, हँडल एडक्याच्या शिंगासारखं खाली वळलेली एक जुनी सायकल विकत घेतली.

वस्तादांना मी यातलं काहीही सांगितलं नाही. "डॉक्टरांनी सायकल सांगितलीय," एवढंच म्हणालो. आमच्या गावात एवढं पुरतं. धापा टाकणारा, फिकट, ओकारी करणारा मास्तर पाहून वस्तादांनी जे करायचं तेच केलं. खुराक चालू केला.

आता कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे समजावणं अवघड आहे. आमच्याकडं व्यायाम ही खाण्याची पूर्वतयारी असते. तालमीत पोरगं घातलं की सहा महिन्यांनी आई त्याचं वजन वाढलं का ते बघते. पहाटे चाळीस किलोमीटर सायकल मारलेल्या माणसानं नुसतं पाणी पिऊन घरी जावं, ही कल्पना वस्तादांना माणुसकीला धरून वाटली नसती. गंगावेशीत म्हशी रांगेत उभ्या असायच्या. गवळी समोर धार काढायचा, फेसाळ दुधाचा अर्ध्या लिटरचा ग्लास वस्ताद स्वतः माझ्या हातात द्यायचे आणि रिकामा होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत.

"एका दमात, सर. मधी श्वास घ्यायचा न्हाई."

दुधाआधी भिजवलेले बदाम. शनिवारी घरची थंडाई. रविवारी तांबडा-पांढरा, आणि मटणाचे तुकडे वाढताना वस्ताद म्हणायचे, "मांडी भरली पायजे. मांडीशिवाय घाट न्हाई."

मांडी भरली. पोटही भरलं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी काट्यावर उभा राहिलो, एक्क्याण्णव. दुसऱ्या, साडेएक्क्याण्णव. तिसऱ्याला ब्याण्णव पूर्ण. बूड फोडासारखं दुखत होतं, मनगटं बधिर व्हायची, आणि एवढं सगळं करून मी जाड होत होतो.

सुहासचा छोटा छापखाना होता, लग्नपत्रिकांचा. आजारपणातही तो रोज दोन तास तिथं खुर्चीवर बसायचा. त्यानं माझ्यासाठी एक कार्ड छापलं होतं. जाड आयव्हरी कागद, सोनेरी किनार, वर गणपती तसाच राहिलेला कारण साचा लग्नपत्रिकेचाच होता, आणि खाली दहा चौकोन. एकेका आठवड्याला एक. ते त्यानं यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवलं होतं. दर रविवारी मी जायचो आणि तो पेन उघडून बसायचा.

"बोल दादा. किती?"

तिसऱ्या रविवारी मी म्हणालो, "एकोणनव्वद."

त्यानं आकडा सुबक लिहिला. त्याचे डोळे हळदीत बुडवल्यासारखे झाले होते आणि पोट पाण्यानं फुगलं होतं. दर आठवड्याला सुई घालून ते काढावं लागे.

"गंमत बघ," तो म्हणाला. "तुझं पोट उतरतंय आणि माझं चढतंय. आईनं बघितलं असतं तर म्हणाली असती, दोघांत मिळून एकच पोट आहे."

वैजयंती चहा घेऊन आली. माझ्या कपात साखर नव्हती. "भाऊजी, दिसतंय हो तोंडावर," ती म्हणाली. "गाल बसलेत तुमचे."

माझे गाल बसले नव्हते. पण त्या घरात आता सगळ्यांना जे हवं तेच दिसत होतं.

चौथ्या रविवारी मी सत्त्याऐंशी म्हणालो. पाचव्याला साडेशहाऐंशी, कारण आकडे फार सरळ उतरले तर संशय येतो, हे मला परीक्षेच्या पेपरांवरून माहीत होतं. सहाव्याला शहाऐंशी. घरचा काटा ब्याण्णव पूर्णांक चार दाखवत होता. वैजयंतीनं पुण्याला फोन करून शहाऐंशी कळवलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम, म्हणजे दुसरीकडं शोधाशोध करायची गरज नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तरी पहाटे मी पुलावर होतो. त्या दिवशी निम्मा घाट चढलो. परत आलो, ग्लास घेतला, एका दमात संपवला.

सातव्या आठवड्यातल्या मंगळवारी गंगावेशीत पोचलो तेव्हा वस्ताद बाकीच्यांना म्हणाले, "तुमी व्हा फुडं." ते गेले. म्हशीशेजारच्या दगडी कट्ट्यावर आम्ही दोघंच. गवळ्यानं ग्लास भरून वस्तादांच्या हातात दिला. त्यांनी तो मला दिला नाही.

"काल पुतणीच्या पत्रिका छापायला गेलतो," ते म्हणाले. "बोंद्र्यांच्या छापखान्यात."

मी सायकल कट्ट्याला टेकवली.

"तुमचा भाऊ हाय हे ठावं नव्हतं. त्येनं वळखलं. म्हणला, तुमीच का वस्ताद, दादाला तुमी सांबाळताय. उठून उभा ऱ्हायला बघत हुता. मी बसीवला." ते ग्लासातल्या फेसाकडं बघत होते. "सगळं सांगितलं त्येनं."

"वस्ताद, मी तुम्हाला सांगणार होतो."

"किती भरताय तुमी?"

"ब्याण्णव."

"भितीवर शहाऐंशी लिवलंय. मी त्येला काय बोललो न्हाई. पण पैलवानाचं वजन मी लांबनं सांगतो, सर. पाचशे ग्रॅम हिकडं-तिकडं. तुमी आला तवा एक्क्याण्णव हुता."

"मला वाटलं सायकलनं उतरेल. दुधाचं मला—"

"तुमी शिकल्याली माणसं," वस्ताद म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्यासारख्याला वाटलं, मास्तर अशक्त हाय, घालावं चार घास. माझी चूक झाली. मी इचारलं न्हाई. पण तुमच्या घरात काटा हाय."

म्हशीनं शेपूट झटकलं. गवळी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

"एक सांगतो," ते म्हणाले. "आमच्यात वजनाचे गट असत्यात. चौऱ्याहत्तर म्हंजी चौऱ्याहत्तर. फुडचा पैलवान दांडगा निघाला, ह्येला घाम फुटला, आन् गावाला तर सांगून बसलाय मी लडणार. मग काय करतोय? आदल्या आठवड्यात दाबून खातोय. काट्यावर जास्त भरला की पंचच भाईर काढत्यात. घरला येऊन सांगाय बरं. हरलो न्हाई, भ्यालो न्हाई, वजनात बसलो न्हाई." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "असले मी लई बघितलेत. त्येंच्या तोंडावर काय असतंय ते मला पाठ हाय. तुमच्या तोंडावर सहा आठवडं तेच हुतं आन् मला वाटलं दमणूक हाय."

मी म्हणालो, "दोनशेत एक माणूस मरतो, वस्ताद."

"मग न्हाई म्हणायचं हुतं. पयल्याच दिवशी. त्येनं दुसरा बघितला असता."

त्यांनी तो ग्लास स्वतः पिऊन टाकला. मधे दोनदा थांबले. इतक्या दिवसांत त्यांना श्वास घेण्यासाठी थांबताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"किती दिस ऱ्हायले?"

"चार आठवडे. त्यात दोन दिवस कमी."

"सात किलो उतरत्यात तेवढ्यात. आठ काढायला गेलो तर तुमी पडाल." ते कट्ट्यावरून उठले. "दूध बंद. भात, साखर, तेल बंद. मेस बंद. माझ्या घरनं डबा ईल. उद्यापास्नं पाचला, आन् रोज वरपत्तोर. आन् भावाला ह्यातलं काय सांगू नका. मी त्येचं पोट बघितलंय. त्येला आता आकडाच धरून बसू द्या."

खाऊ घालण्यात जो माणूस एवढा तरबेज होता, तो उपाशी ठेवण्यात त्याहून तरबेज निघाला. अर्धी जोंधळ्याची भाकरी, उकडलेले मूग, काकडी. संध्याकाळी ताक, तेही लोणी काढून उरलेलं. वस्ताद स्वतःही तेच खात होते. का ते मी विचारलं नाही. पहाटे ते माझ्या पुढं असायचे आणि घाटात मला फक्त त्यांचं मागलं चाक दिसायचं. ते चाक सोडलं तर मी रस्त्यावर आडवा होईन याची मला खात्री होती. दोनदा झालोही. दोन्ही वेळा ते थांबले, माझी सायकल उभी केली, आणि पुन्हा पुढं झाले. पूर्वी शिव्या देऊन का होईना बोलायचे. आता फक्त "उठा" म्हणायचे.

आठव्या आठवड्यात एका सकाळी मी वाघबीळपासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत पाय न टेकता गेलो. वर पोचलो तर ऊन नुकतं पडलं होतं. छाती फुटेल असं वाटत होतं आणि तरी मला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला. त्या चढावर मला सुहासची आठवण एकदाही झाली नव्हती.

"ब्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले," मी वस्तादांना म्हणालो.

"आजून लई हाईत," ते म्हणाले आणि सायकल वळवली.

भिंतीवरचं कार्ड मात्र माझ्यापुढं पळत होतं. तिथं मी चौऱ्याऐंशी झालो होतो, मग त्र्याऐंशी. दर रविवारी खऱ्या वजनाचा खोट्या वजनाशी सामना व्हायचा आणि खरं मागं पडायचं. नवव्या रविवारी सुहासला पेन धरता येईना. त्यानं ते वैजयंतीकडं दिलं.

"दादा," तो म्हणाला, "पुरे कर आता. खरंच गाल बसलेत तुझे. तुला काही झालं तर मला ते लिव्हर पचायचं नाही."

"एकच आठवडा राहिलाय."

"तुला लहानपणी तालमीत घातलं होतं तर तू तिसऱ्या दिवशी पळून आलास. मला खोटं सांगायला लावलंस, दादा आजारी आहे म्हणून. आठवतंय?"

"नाही," मी म्हणालो.

"मी सांगितलं होतं. अण्णांनी मलाच मारलं." तो हसला, आणि हसताना पोट दुखतं म्हणून थांबला.

दहावा आठवडा संपला. पुण्याला गेलो. हॉस्पिटलच्या काट्यावर पंच्याऐंशी भरलं. वैजयंतीच्या डोक्यात एक्क्याऐंशी होतं. ती म्हणाली, "इथला काटा जड दाखवत असेल." तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

चरबी तेरा टक्के निघाली.

"अठ्ठावीसवरून तेरा," डॉक्टर म्हणाले. "फारच मेहनत घेतलीत. पण तेरावर मी हात लावणार नाही, ते तुम्हालाही धोक्याचं आहे आणि त्यालाही. अजून दोन आठवडे हेच चालू ठेवा. याच वेगानं आलात तर झालंच म्हणून समजा."

दोन आठवडे. याच वेगानं. हे त्यांना कौतुकानं म्हणायचं होतं. माझ्या हिशेबात त्याच क्षणी सहा आठवडे आले आणि डोळ्यांसमोरून हलेनात.

सुहासला तिथंच दाखल केलं. मी कोल्हापूरला परतलो आणि दिवसातून दोनदा घाट चढू लागलो, पहाटे आणि दुपारी कॉलेज सुटल्यावर. सहाव्या दिवशी वैजयंतीचा फोन आला, सुहासला ताप आलाय. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. जंतू असताना ऑपरेशन होत नाही. आधी ते जायला हवेत. औषधं बदलली. मी सायकल चालवत राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी पुन्हा तपासणीसाठी पुण्याला गेलो. या वेळी वस्ताद माझ्याबरोबर आले. बसमध्ये पाच तास आम्ही शेजारी बसलो होतो. साताऱ्याला ते खाली उतरले आणि माझ्यासाठी एक काकडी घेऊन आले.

तपासणी सकाळी झाली. सुहास तोवर अतिदक्षता विभागात होता आणि शुद्धीवर नव्हता. दुपारी अडीचला तो गेला. सव्वातीनला खालून माझा रिपोर्ट वर आला. नऊ टक्के.

वैजयंती बाकावर बसली होती. रडून झालं होतं किंवा अजून सुरू व्हायचं होतं. तिनं तो कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला, जणू तो घरी न्यायचा होता.

"तुम्ही सगळं केलंत, भाऊजी," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या भावानं इतकं केलं नसतं. मी पिंकीला सांगेन. दहा आठवडे काकानं बाबासाठी जिवाचं रान केलं. आणि वर हे दोन."

"चार," मी म्हणालो.

"काय?"

"दहा नाही, वैजयंती. आधीचे सहा मी—"

वस्ताद माझ्या मागं उभे होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. त्या हातानं त्यांनी जन्मभर माणसं खाली बसवली होती.

"दहा, वहिनी," ते म्हणाले. "मी रोज संगं हुतो. एक दिवस चुकवला न्हाई सरांनी."

वैजयंतीनं मान हलवली. मग ती रडायला लागली, आणि मला वाटतं त्या शब्दांचा तिला आधार झाला. गावात कुणाला विचारा, वस्ताद खोटं बोलत नाहीत हे पोरंसोरंही सांगतील. त्यामुळं मी पिंकीच्या घरात आजही तो माणूस आहे. गेल्या वर्षी तिनं इंजिनिअरिंगच्या मुलाखतीत आदर्श कोण या प्रश्नाला माझं नाव सांगितलं. वैजयंतीनं मला फोन करून कळवलं. मी अभिनंदन केलं.

सुहासला दुसऱ्या दिवशी पंचगंगेवर नेलं. सगळं उरकून लोक पांगले तेव्हा मी आणि वस्ताद शिवाजी पुलापर्यंत चालत आलो. पाण्यावर ऊन होतं. पुलाच्या तोंडाशी, जिथं आम्ही पहाटे जमायचो, तिथं ते थांबले.

"वस्ताद, तुम्ही तिला का—"

"तिच्यासाठी," ते म्हणाले. "तुमच्यासाठी न्हवं." त्यांनी पन्हाळ्याच्या रस्त्याकडं बघितलं. "सर, सायकल सोडू नका. तब्येत चांगली झालीय. पण उद्यापास्नं तुमी दुसरा रस्ता धरा."

मी धरला. आज अकरा वर्षं झाली, मी रोज पहाटे रंकाळ्याकडून राधानगरीच्या रस्त्याला जातो. दर सहा महिन्यांनी तपासून घेतो. लिव्हर उत्तम आहे, डॉक्टर म्हणतात या वयात असं बघायला मिळत नाही. त्या रस्त्याला झाडी आहे, सावली आहे, आणि चढ फारसा नाही.